इंजिनातलं टोरीचं तेल

मोटार चालवायला मी विसाव्या वर्षी शिकले, पण तिचं तेल बघायला बाबांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. चाक माझ्या हातात द्यायला ते तयार, वळणावर "भोंगा दाब, भोंगा दाब" म्हणून ओरडायला तर एका पायावर तयार. पण बॉनेट उघडलं की मी दोन पावलं मागे सरायचं, असा घरचा कायदा होता. मला त्याचा भयंकर राग यायचा. गाडी मी चालवणार आणि तिच्या पोटात काय चाललंय ते मात्र मला कळू द्यायचं नाही!

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव होतं. बाबा गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी संपली तरी आसपासच्या पंधरा-वीस गावांतले लोक अडलेल्या गाईसाठी, लंगडणाऱ्या बैलासाठी त्यांनाच बोलवायचे. आधी ते सायकलने जायचे. मग एका रेंजरसाहेबांची कुरखेड्याकडे बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली छोटी मोटार बाबांना विकली. मूठभर गाडी ती. दोन दारं, शेवाळासारखा रंग, आणि आत चार माणसं गुडघे पोटाशी घेऊन कशीबशी मावायची. पण गावात बैलबंड्या घरोघरी आणि मोटार ही एकच, तेव्हा आमचा तोरा काय वर्णावा!

बाबा तिला जनावरासारखीच वागवायचे. रोज सकाळी तिची तब्येत बघायचे. रेडिएटरात विहिरीचं पाणी, तेही धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून. बॅटरीला मात्र विहिरीचं पाणी वर्ज्य. तिच्यासाठी पावसाळ्यात अंगणाच्या मधोमध काचेची बरणी मांडून पाणी धरायचं. "आभायातून सिध्धं बरनीत पडलं पायजे, मधात कवेलू नाई, टीन नाई," असा त्यांचा दंडक; कौलावरून, पत्र्यावरून ओघळलेलं पाणी चालत नसे. आईची लोणच्याची सगळ्यात मोठी बरणी या बॅटरीपायी गेली आणि त्यावरून आईने जो अबोला धरला तो चांगला आठवडाभर टिकला. ब्रेकच्या तेलाची बाटली औषधांच्या कपाटात, कुलपात. आणि इंजिनाचं तेल म्हणजे तर पूजाच. इंजिनाच्या कुशीतून तेल मोजायची ती दोन खुणांची लांब पट्टी ओढून काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा खुपसायची, पुन्हा काढायची. मग टोकाचं तेल अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा, "ठीक आहे."

हजार मैल झाले की जुनं तेल बदलायचं. गाडी थोडी पळवून आणायची, गरम असतानाच खालचा बोल्ट सोडायचा, आणि काळं तेल घमेल्यात उतरू द्यायचं. ते काळं तेल वाया जात नसे. कुंपणापलीकडे एक शेतकरी राहायचा, दोन बंड्यांचा धनी, सगळ्या गावाचा भाऊ. तो मडकं घेऊन हजर असायचा. बंडीच्या आसाला जे वंगण लावतात त्याला आमच्याकडे ओंगण म्हणतात. भाऊ एरवी ओंगणासाठी टोरीचं तेल वापरायचा. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल दिव्याला चालतं, केसांना चालतं, वडे तळायला चालतं. पण मोटारीच्या काळ्या तेलाची चटक लागल्यापासून भाऊच्या बंड्या इतक्या मुकाट चालायला लागल्या की बैलसुद्धा मागे वळून बघतात, असं तो स्वतःच सांगायचा.

आता मला गाडी का शिकवली ते सांगते. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. "एकाच डोयात, तोबी जरासा," असं ते म्हणायचे. पण दिवाळीच्या सुमाराला त्यांनी दिवसाढवळ्या गाडी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घातली. ढीग मऊ होता म्हणून बरं! त्या दिवशी आईने पदर खोचून जाहीर केलं की पोरीला लायसन मिळालं तर गाडी राहील, नाहीतर ती राइस मिलवाल्याला देऊन टाकायची. राइस मिलवाला दोनदा येऊन टायरांना लाथा मारून गेला होता. गाडी गेली की बाबांची गावं गेली. त्या वयात, त्या डोळ्यांनी ते पुन्हा सायकलवर बसू शकले नसते. ओसरीवर बसून रस्त्याकडे तोंड करून दिवस काढणारे बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. म्हणून मी शिकले. वेड्यासारखी शिकले.

शिकवताना बाबांची एक सवय होती. दर थोड्या वेळाने विचारायचे, "काटा कुठी आहे?" समोर तेलाचा दाब दाखवणारा एक छोटा काटा होता. मी सांगायची, "मधोमध." थोड्या वेळाने पुन्हा, "काटा कुठी आहे?" मला वाटायचं, माझी परीक्षा घेतात. चिडून मी एकदा म्हणाले होते, "जिथी मघाशी होता तिथीच!"

लायसन देणारे साहेब नागपूरहून चांद्याला येत, तेही कधीमधी. जानेवारीत ते येणार असल्याचं कळलं. वेळ सकाळी अकराची. चुकली तर पुन्हा कधी याची खात्री नाही, आणि राइस मिलवाल्याने तर महिन्याअखेरची मुदत घातलेली.

त्या दिवशी उजाडतानाच मी तयार झाले. अंबाडा घट्ट बांधला, पाचवारी साडीला चार पिना जास्त लावल्या, पायात कॅनव्हासचे बूट चढवले. थंडी मरणाची होती, पण मला घाम फुटला होता. बाबांनी मफलर गुंडाळून बॉनेट उघडलं. सर्दीने त्यांचं नाक चोंदलं होतं. पट्टी काढली, पुसली, खुपसली, काढली, गारठलेल्या बोटांनी चोळली.

"ठीक आहे."

मी हँडल घातलं आणि फिरवलं. एरवी दोन फेऱ्यांत गाडी खोकून उठायची. आज हँडल अर्ध्या फेरीतच अडलं. जोर लावला तर चिखलात रुतलेल्या चाकासारखं जडपणे हललं. चौथ्या वेळी माझं मनगट असं पिरगळलं की डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी करून बघितलं. तेही धापा टाकायला लागले. तेव्हा मी कायदा मोडला. त्यांच्या हातून फडकं घेतलं आणि पट्टी ओढून काढली.

पट्टीच्या टोकाला पांढुरका, राखाडी गोळा लटकला होता. थंडीतल्या तुपासारखा. आणि खुणेच्या वर, कितीतरी वर!

मी बाबांकडे बघितलं. तेही पट्टीकडेच बघत होते, वीतभर अंतरावरून, डोळे ताणून. आणि म्हणाले, "का झालं?"

 मोतीबिंदू एका डोळ्यात नव्हता, आणि जरासा तर अजिबात नव्हता. ते रोज सकाळी तेल बघत नव्हतेच, नुसतं बोटांनी आणि नाकाने ओळखत होते; आज बोटं गारठलेली आणि नाक चोंदलेलं. आणि तो काट्याचा प्रश्न! परीक्षा कसली? त्यांना काटा दिसतच नव्हता. त्या घटकेला मला त्यांची माया दाटून आली आणि माझाच मला राग आला. मी एवढंच म्हणाले, "बाबा, तेल गोठलं. पांढरं दिसून राह्यलं."

त्यांनी बोटाने तो गोळा उचलला, चोळला, आणि सरळ जिभेला लावला. गुरांच्या डॉक्टरला कशाची किळस!

"टोरी," ते म्हणाले. "इंजिनात टोरीचं तेल!"

कुंपणापलीकडे भाऊ दात घासत उभा होता. आमची धडपड बघून म्हणाला, "का जी डाक्टरजी, सुटली नाई का गाडी? काल तर मी चांगलं शेरभर तेल टाकलो."

"तुम्ही टाकलं?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"मंग! सांजच्याले तुमी दोघंबी नव्हते घरी. चुलीवर कोमट केलो, त्या वरच्या झाकनातून टाकलो. डाक्टरजी टाकतेत तसंच." त्याचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. "तुमचं तेल माह्या बंडीले लागते, तं माहं तेल तुमच्या गाडीले नाई लागनार का? पोट्टी पयल्यांदा आपल्या हातानं चांद्याले जाऊन राह्यली. कोरड्या आसानं कशी जाऊ देऊ?"

मला त्याच्या डोक्यात घमेलं घालावंसं वाटत होतं. पण या शेवटच्या वाक्यानंतर काय करणार? बाबा तर हसायलाच लागले. टोरीचं तेल थंडीत गोठतं, हे भाऊलाही पक्कं ठाऊक होतं. फक्त मोटारीचं पोट चुलीसारखं कायमचं गरम असतं, असा त्याचा समज होता.

सात वाजून गेले होते. आणि मग आमच्या अंगणात जी धांदल उडाली, ती आठवली की अजून माझे हात शिवशिवतात!

बाबा ओसरीच्या पायरीवर बसून हुकूम सोडायला लागले. पहिला हुकूम पेट्रोलचा डबा अंगणाबाहेर न्यायचा. दुसरा, रेडिएटर रिकामा करायचा आणि त्यात आंघोळीचं पाणी ओतायचं. हंडा नुकताच तापला होता. आई म्हणाली, "आन् आंघोया?" बाबा म्हणाले, "आज गाडीची." मी हंड्यातलं पाणी गाळून गाळून ओतलं आणि सगळं बॉनेट वाफेने भरून गेलं. भाऊ चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन धावत आला. त्यांवर जाड राख पसरली आणि घमेलं गाडीच्या पोटाखाली सरकवलं. चुकून ठिणगी उडाली तर, म्हणून आई कळशी धरून उभी. भाऊची बायको कुंपणावरून विचारत होती, "गाडी बायतीन झाली का जी, शेक देऊन राह्यले तं?"

अर्ध्या तासाने बाबा म्हणाले, "हँडल फिरव." फिरलं! जड, पण फिरलं. तेल सैल झालं होतं. आता निखारे बाहेर ओढून मी गाडीखाली शिरले. साडीला लावलेल्या सगळ्या पिना तिथेच धारातीर्थी पडल्या. खालचा बोल्ट पान्याने सोडला, तसं ते राखाडी तेल दुसऱ्या घमेल्यात गळायला लागलं, आधी गोळ्यागोळ्यांनी, मग धारेने. सगळंच काढून नवं भरावं, तर घरात नव्या तेलाचा अर्धाच डबा शिल्लक.

"अर्धं काढ, बोल्ट लाव, डबा ओत," बाबा म्हणाले. "टोरीचं तेलबी तेलच आहे. गरम राह्यलं तं चांद्यापावतर पोचवते. वापस आल्यावर सगळं धुऊन काढू. मात्र वाटेत गाडी बंद नाई करायची."

मी डबा ओतला. पट्टी मीच बघितली. दोन खुणांच्या बरोबर मधे. मी मोठ्याने सांगितलं आणि बाबांनी मान हलवली. हँडलला दोन हात लावले आणि देवाचं नाव न घेता, रागाच्या भरात फिरवलं. गाडी खोकली, शिंकली आणि उठली! मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि सगळ्या आळीत वडे तळल्याचा वास सुटला. भाऊने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण माझे हात कोपरापर्यंत काळे होते.

अठ्ठावीस मैल मुरमाचा रस्ता. दोन्ही बाजूंना सागवान, मधूनच बांबू लादलेल्या बंड्यांची रांग, आणि भोंगा ऐकून बुजणारे बैल. मी वाटेतल्या चिचपल्लीपर्यंत श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. बाबांनी विचारायच्या आधीच मी सांगत होते, "काटा मधोमध आहे, बाबा." थोड्या वेळाने, "अजून मधोमध."  त्यांनी एकदाही "काटा कुठी आहे" असं विचारलं नाही, आणि मला कळलं की त्यांनाही कळलं आहे. उन्हं वर आली तशी गाडी हलकी पळायला लागली. उतारावर तर मला गाणं म्हणावंसं वाटलं. चांद्याच्या तटबंदीचे, परकोटाचे दगड दिसले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती!

साहेब मैदानाच्या कडेला टेबल मांडून बसले होते. वयस्क, जाड भिंगांचा चष्मा, आवाज बारीक. माझ्या हातांकडे आणि साडीकडे बघून त्यांनी भुवया वर केल्या, पण काही न विचारता शेजारी येऊन बसले. बाबा टेबलाजवळच्या बाकावर थांबले. मी गाडी मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली, टांग्यांच्या गर्दीतून जटपुरा गेटच्या कमानीखालून आत नेली आणि परत आणली. एक टांगेवाला "अरे बाप रे, बाई!" म्हणून घोड्यासकट बाजूला झाला. इतकी मजा मला जन्मात आली नव्हती. मैदानात शिरताना मी मनातल्या मनात लायसन खिशात घातलंसुद्धा.

गाडी टेबलापाशी थांबली. साहेब खाली उतरले, नाक वर करून हुंगत म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीत कोणी वडे तळतंय का?"

माझं तोंड उतरलं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "तेल दाखवा." मी पट्टी काढली, पुसली, बुडवली, काढली. त्यांनी बोट लावून चोळलं. "यात काय आहे?"

मी खरं ते सांगितलं. शेजाऱ्याची माया, चुलीवरचं कोमट तेल, पट्टीवरचा पांढरा गोळा, निखारे, आंघोळीचं पाणी, सगळं. साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "शेजाऱ्याचं सोडा. सकाळी हँडल मारण्याआधी तेल तपासलं होतं का?"

"हो."

"कोणी?"

बाबा बाकावरून उठून गाडीजवळ आले होते. त्यांची बोटं मफलरच्या टोकाशी चाळा करत होती. मी म्हणाले, "मी."

"आणि काय दिसलं?"

"ठीक आहे असं दिसलं."

साहेबांनी चष्मा काढला. "एवढं पांढरं तेल पट्टीवर असताना तुम्हाला ठीक दिसलं? मग मी तुम्हाला रस्त्यावर कसं सोडू, बाई? उद्या समोरचा माणूस दिसला नाही तर?"

मी पट्टी पुसून जागेवर खुपसली. बाबांच्या तोंडून 'मला दिसत नाही' हे वाक्य कुणासमोर निघावं असं मला वाटत नव्हतं, मग लायसन गेलं तर गेलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ती बारीक टिचकी मला अजून ऐकू येते.

"ती नाई पाह्यली, साहेब," बाबा म्हणाले. "मी पाह्यलो. ठीक आहे म्हनलो तो मीच. मले दिसत नाई." मफलरचं टोक सोडून म्हणाले, "दोनी डोयांनी नाई दिसत. साल झालं. तिनं पाह्यली तवाच समजलं का झालं ते. गाडी तिनं काढली, तिनंच इथी आनली."

मैदानात टांग्यांची खडखड चालू होती.  बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचं लायसन काढलं, कडा झिजलेलं, घामाने मऊ पडलेलं, आणि साहेबांनी मागायच्या आधीच टेबलावर ठेवलं. मग हाताने टेबलाची कड चाचपत मागे सरकले. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

लायसन घेऊन मी गाडीकडे अशी पळाले की एक बूट मैदानातच राहिला. बाबा पहिल्यांदाच डाव्या सीटवर टेकून, पाय लांब करून बसले. बाजारातून नव्या तेलाचे दोन डबे घेतले. परतीच्या वाटेवर मी बडबड बडबड केली. जटपुरा गेट पुन्हा सांगितलं, टांगेवाला पुन्हा सांगितला, आणि बाबा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले.

चिचपल्लीला रेडिएटरात पाणी घालायला थांबलो. दुपारचं ऊन चांगलं तापलं होतं, तेल गोठायची आता भीती नव्हती. पाणी घालून मी कळशी ठेवून आले, तर बाबा सवयीने बॉनेटपाशी उभे होते. त्यांनी चाचपून पट्टी काढली, फडक्याने पुसली, खुपसली, पुन्हा काढली. अंगठा आणि बोट टोकाकडे नेलं आणि मधेच थांबले. मग तेल न चोळता पट्टी माझ्यापुढे धरली. दुसऱ्या हातातलं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"सांग," ते म्हणाले.

मी वाकून नीट बघितलं. घाई केली नाही.

"वरच्या खुणेच्या थोडं खाली आहे, बाबा."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.